घटस्फोटाची केस लढताना झालेला खर्च समोरच्याकडून कसा मागायचा

माझ्या निकालाची सर्टिफाइड कॉपी हातात आली तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यातच बसून आधी शेवटचं पान उघडलं. सगळं माझ्या बाजूने होतं आणि अगदी खाली एक ओळ होती, खर्चाबाबत आदेश नाही. साडेपाच वर्षं, ४१ तारखा, दर तारखेला पहाटेची एसटी पकडून सांगलीहून पुणे आणि रात्री परत, शाळेतली बिनपगारी रजा, आईची एक बांगडी. वकिलांना फोन केला तर ते म्हणाले ताई आपण खर्च वेगळा मागितलाच नव्हता, आता काय करणार. तेव्हा कळलं की हा खर्च आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो आणि तोही वेळेवर, निकालानंतर नाही. त्यानंतर बहिणीच्या आणि ओळखीतल्या दोघींच्या केसमध्ये आम्ही हे पहिल्यापासून नीट केलं आणि फरक पडला, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या केसपुरतं तुमच्या वकिलाला विचारूनच पावलं टाका, पण निदान काय विचारायचं ते तरी माहीत हवं.

आधी हे डोक्यात पक्कं करा की कोर्टात "खर्च" हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि लोकांची गल्लत तिथेच होते. एक म्हणजे केस चालू असताना लढायला लागणारे पैसे, हे ज्याच्याकडे नाहीत त्याला समोरच्याकडून मिळतात. दुसरा म्हणजे समोरच्याने तारीख फुकट घालवली म्हणून त्या तारखेपुरता बसणारा, त्याला कोर्टात सगळे नुसतं कॉस्ट म्हणतात. आणि तिसरा निकालासोबत, म्हणजे जो हरला त्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा तो. आपल्याला सगळ्यांना तिसराच माहीत असतो, आणि घटस्फोटाच्या केसमध्ये सगळ्यात कमी हाताला लागतो तोही तिसराच. खरा उपयोग पहिल्याचा आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिते.

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २४. याला सगळे अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाच्या, पोटगीचं कलम म्हणतात आणि तिथेच घोळ होतो, कारण या कलमात दोन गोष्टी आहेत, दरमहा पोटगी आणि शिवाय केसचा खर्च. दोन्ही वेगळ्या. बऱ्याच अर्जांत पोटगीचा आकडा ठळक लिहिलेला असतो आणि खर्चाबद्दल शेवटी एक मोघम वाक्य असतं की "व कोर्टखर्च द्यावा", मग जज तरी काय करणार, पोटगीचा आकडा ठरवतात आणि खर्चाला दोन-पाच हजार लिहून मोकळे होतात किंवा ते पण विसरतात. त्यामुळे अर्जात खर्चाची मागणी वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्यासकट हवी. बहिणीच्या अर्जात आम्ही साधारण असं लिहिलं होतं: "अर्जदारास दरमहा अंतरिम पोटगी मंजूर करण्यात यावी. तसेच, त्याव्यतिरिक्त, या अर्जाच्या खर्चासह मूळ अर्ज चालविण्याचा खर्च म्हणून एकरकमी रक्कम रुपये अमुक आणि प्रत्येक तारखेस हजर राहण्याचा प्रवासखर्च रुपये तमुक सामनेवाल्याने द्यावा." यातला "त्याव्यतिरिक्त" हा शब्द सोडू नका.

हे कलम फक्त बायकोसाठी नाही. कायद्यात नवरा किंवा बायको दोघांचं नाव आहे, ज्याच्याकडे स्वतःच्या पोटापाण्याला आणि केसच्या आवश्यक खर्चाला पुरेल असं स्वतंत्र उत्पन्न नाही तो मागू शकतो. आणि "पुरेसं" हा शब्द नीट वाचा. मला महिना ९ हजार मिळायचे म्हणून मला पहिल्या वकिलांनी सांगितलं होतं की तू कमावतेस, तुला काही मिळणार नाही. ते चुकीचं होतं. थोडंफार कमावणं म्हणजे पुरेसं उत्पन्न असणं नाही, ९ हजारात घरभाडं आणि पुण्याच्या फेऱ्या कशा बसतात हे कागदावर मांडता यायला हवं एवढंच.

लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं असेल तर तिथलं कलम ३६ बघा, ते फक्त बायकोसाठी आहे. ख्रिश्चन जोडप्यांना डिव्होर्स ॲक्ट १८६९ चं कलम ३६, तिथेही मागणी बायकोचीच. पारशी कायद्यात कलम ३९. मुस्लिम भगिनींना यातलं काही लागू नसलं तरी पोटगीचा जो सगळ्यांसाठीचा कायदा आहे, म्हणजे आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यात अंतरिम पोटगीसोबत त्या केसचा खर्च मागायची सोय आहे. गोव्यातल्यांनी मात्र यातलं काहीही जसंच्या तसं उचलू नका, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो, तिथल्याच वकिलाला विचारा.

आता अर्ज कधी टाकायचा. केस चालू असतानाच, आणि शक्य तितक्या लवकर. केस नवऱ्याने टाकली असेल तर तुमच्या लेखी कैफियतीसोबतच (केसला दिलेलं लेखी उत्तर) हा अर्ज जाऊ दे. कायद्यात म्हटलंय की नोटीस लागू झाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढावा. प्रत्यक्षात तसं क्वचित होतं हे खरं, पण वकिलाला दर तारखेला ते ६० दिवस तोंडी आठवण करून द्यायला सांगा आणि समोरचा "से", म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, द्यायला वेळ मागत असेल तर त्याला हरकत नोंदवा. मी पहिली दीड वर्षं हा अर्ज टाकलाच नाही कारण समेट होईल अशी आशा होती, समुपदेशकाकडे फेऱ्या चालू होत्या, वाटायचं पैसे मागितले तर तो आणखी चिडेल. आता वाटतं अर्ज टाकूनही बोलणी करता आली असती, एकाने दुसरं अडत नाही.

या अर्जासोबत मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र लागतं. हे सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून सगळ्या देशात सक्तीचं झालं, आणि ती केस आपल्याच नागपूरची होती, फॅमिली कोर्टातून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात आणि तिथून दिल्लीला गेलेली. दोघांनीही शपथपत्र द्यायचं असतं, अर्ज करणाऱ्याने अर्जासोबत आणि समोरच्याने चार आठवड्यांत. त्या निकालासोबत नमुना जोडलेला आहे, शहरातल्यांसाठी वेगळा आणि शेतीवर असलेल्यांसाठी वेगळा, वकिलाकडून तो नमुना घेऊन स्वतः घरी बसून भरा, टायपिस्टवर सोडू नका. स्वतःचं काही लपवू नका. भिशी असेल तर भिशी लिहा, दागिने माहेरी असतील तर ते लिहा, कारण तुमचं एक खोटं सापडलं की समोरच्याच्या दहा खोट्यांकडे कोणी बघत नाही. समोरच्याने खोटं लिहिलं तर त्याच्यावर कारवाई मागता येते, आणि पुढे निकालाच्या वेळी खर्च मागायला तेच सगळ्यात भारी कारण ठरतं.

आता पुराव्याचं. सगळी मेहनत इथे आहे.

एक साधी फाइल घ्या, आतमध्ये प्लास्टिकचे कप्पे असलेली, आणि एक दोनशे पानी वही. प्रत्येक तारखेला एक कप्पा. बहिणीच्या वहीतली एक नोंद अशी आहे: "१४ जून. सांगली–स्वारगेट एसटी जाणं-येणं, तिकिटं जोडली. स्वारगेट ते शिवाजीनगर रिक्षा, पावती नाही, भाडं लिहिलंय. झेरॉक्स ३६ पानं, पावती आहे. रजा १ दिवस बिनपगारी, मुख्याध्यापकांचं पत्र. समोरचा आणि त्याचे वकील दोघंही गैरहजर. पुढची तारीख ९ ऑगस्ट." बास, एवढंच. घरी आल्यावर दमून न झोपता दहा मिनिटांत लिहायचं. एसटीच्या तिकिटाची शाई सहा महिन्यांत उडून जाते, म्हणून त्याच रात्री झेरॉक्स काढा किंवा फोटो तरी काढा, माझी अर्धी तिकिटं कोरी झाली होती. शेवटच्या दोन गोष्टी, समोरचा आला होता का आणि तारीख का वाढली, या मला फार उशिरा सुचल्या आणि त्याच सगळ्यात कामाच्या निघाल्या. कोर्टाच्या रोजनाम्यातही, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत, हे असतं, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून बघता येतो, पण तिथे नोंद अर्धवट असते कधी कधी.

वकिलांची फी. इथे सगळ्यांचं घोडं अडतं, कारण फी रोखीत दिलेली असते आणि पावती मागायला संकोच वाटतो. मागा. नम्रपणे सांगा की सर, खर्चाच्या अर्जाला जोडायची आहे. पहिल्या दिवसापासून चेक किंवा यूपीआयने द्या म्हणजे प्रश्नच नाही, आणि कोर्टात दाखवायला फोनमधले स्क्रीनशॉट न नेता बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. फी किती, कशाकशाची, पूर्ण केसची की तारखेची, हे एका कागदावर लिहून घ्या. कोणी म्हणालं की आत्ता काही देऊ नका, पोटगी मिळाली की त्यातला हिस्सा द्या, तर नको म्हणा, बार कौन्सिलच्या नियमांत अशी वाट्याची फी घ्यायला वकिलाला मनाई आहे. आणखी एक, फॅमिली कोर्टात वकील देणं हा हक्क नाही, फॅमिली कोर्ट कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे परवानगी लागते, सहसा मिळतेच, पण तो परवानगीचा अर्ज आणि त्यावरचा आदेश फाइलमध्ये ठेवा. नाहीतर उद्या समोरचा म्हणेल वकिलाची गरजच नव्हती मग फी कसली मागता.

ज्यांच्याकडे फी द्यायलाच पैसे नाहीत त्या बायकांसाठी, कृपा करून हे वाचा: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तुमचं उत्पन्न किती ते बघितलं जात नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात कार्यालय असतं, फोन १५१००. आणि महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, मालमत्ता, अत्याचार या बाबतीतल्या केसेसना बायकांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे तशी. कोणी तुमच्याकडून स्टँपचे पैसे घेत असेल तर आधी हे विचारा. सरकारी वकील मिळाला तरी प्रवास, रजा, नक्कल, टायपिंग हे खर्च तुमचेच असतात, ते मागता येतात.

किती मागायचं? खरा आकडा मागा. आत्तापर्यंत झालेला खर्च, अधिक पुढचा अंदाज. न्यायाधीश बघतात समोरच्याची कमाई किती, कोर्ट किती लांब, तारखा किती लागणार, साक्षीदार किती. फुगवलेला आकडा लगेच कळतो आणि मग खरा पण कापला जातो. माझ्या पाहण्यात ही रक्कम हजारांतच असते, पण ओळखीतल्या एकीला प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च वेगळा मंजूर झाला आणि गंमत नाही, खरंच, त्यानंतर समोरच्याच्या वकिलांनी तारखा वाढवणं कमी केलं कारण प्रत्येक तारीख त्याच्या खिशातून जायला लागली. म्हणून ती प्रवासखर्चाची मागणी कधी सोडू नका, विशेषतः केस लांबच्या गावी टाकलेली असेल तर.

मनस्ताप, बदनामी, गेलेली वर्षं याचे पैसे या अर्जात येत नाहीत, खूप जणी लिहितात आणि मूळ मागणीच पातळ होते. घरात हिंसा झाली असेल तर त्याची भरपाई घरगुती हिंसाचार कायदा २००५ च्या कलम २२ खाली वेगळी मागायची.

आता तारखेची कॉस्ट. समोरच्याने विनाकारण तारीख मागितली तर तुमच्या वकिलांनी फक्त "हरकत नाही" लिहून सही करू नये, "खर्च देण्याच्या अटीवर" असं लिहावं. हे वकील मंडळी एकमेकांच्या भिडेपोटी टाळतात, तुम्ही आठवण करा. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं आहे, आणि कलम ३५ब मध्ये असं आहे की उशिरासाठी लावलेला खर्च भरल्याशिवाय त्या माणसाला पुढे आपली बाजू चालवता येत नाही. म्हणजे ५०० रुपयांची कॉस्ट असली तरी ती भरेपर्यंत त्याला अडवता येतं. तसा छोटा अर्ज द्या, की कॉस्ट भरलेली नाही, उलटतपासाची परवानगी देऊ नये. फक्त आदेश नीट वाचा, कधी कधी ती रक्कम विधी सेवा प्राधिकरणात भरायला सांगतात, मग ती तुम्हाला मिळत नाही. आणि ३५ब खाली मिळालेली रक्कम शेवटच्या खर्चात परत धरता येत नाही, तेव्हा वहीत वेगळी लिहा.

निकालाच्या वेळचा खर्च. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ सांगतं की सर्वसाधारणपणे हरणाऱ्याने खर्च द्यायचा आणि तसं करायचं नसेल तर कोर्टाने कारण लिहायचं. कागदावर फार छान. पण घटस्फोटाच्या केसमध्ये "उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा" हीच ओळ जास्त वेळा दिसते, कारण नवरा-बायकोच्या भांडणात कोण जिंकलं कोण हरलं असं बघायला न्यायाधीशांना नको वाटतं, आणि ते मला समजतंही. त्यामुळे नुसतं "मी जिंकले म्हणून द्या" म्हणून भागत नाही, समोरच्याच्या वागण्यामुळे खर्च वाढला हे दाखवावं लागतं. नोटीस चुकवली, पगार लपवला, चारित्र्यावर आरोप केले आणि उलटतपासात एकही सिद्ध करता आला नाही, साक्षीदारांची यादी देऊन कोणाला आणलंच नाही. इथे ती वही कामाला येते. युक्तिवादाच्या आधी खर्चाचा तक्ता एका पानावर करून, पावत्या जोडून, पुरसिससोबत (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) दाखल करा आणि लेखी युक्तिवादात शेवटचा परिच्छेद फक्त खर्चावर ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने सालेम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या केसमध्ये २००५ साली म्हटलंय की खर्च हा प्रत्यक्ष आणि वाजवी असावा, त्यात वकील फी, प्रवास, राहणं सगळं धरावं. तो दाखला द्या. पण अपेक्षा आवरून ठेवा, कारण २०११ च्या संजीव कुमार जैन केसमध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की नियमांत बसेल तेवढाच खर्च देता येतो, आणि नियमांतली वकील फी ही आपण मोजलेल्या फीच्या जवळपासही नसते. खोट्या दाव्याबद्दल भरपाईचं कलम ३५अ आहे, त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये. हो, तीन हजारच.

मूळ अर्जाच्या किंवा कैफियतीच्या शेवटी मागण्यांमध्ये "अर्जाचा संपूर्ण खर्च मिळावा" हे लिहिलंय का ते आजच उघडून बघा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या. माझ्या कैफियतीत नव्हतं आणि मी ती सही करण्याआधी शेवटपर्यंत वाचली नव्हती.

निकालानंतर फक्त खर्चासाठी वर जाऊ असं डोक्यात असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की या कलमाखाली केवळ खर्चाच्या मुद्द्यावर अपील होणार नाही. मागणी केली होती, तक्ता दिला होता आणि आदेशात त्याचा उल्लेखच राहिला असं असेल तर त्याच कोर्टात रिव्ह्यूचा, म्हणजे निकाल पुन्हा तपासण्याचा, अर्ज, मुदत ३० दिवस. ३० दिवस पटकन जातात, नक्कल मिळायच्या नादात थांबू नका, नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. कलम २४ चा आदेश कमी रकमेचा झाला असेल तर तो अंतरिम असल्यामुळे अपील नाही, हायकोर्टात रिट याचिका करतात, आणि त्याचा खर्च बघता फरक मोठा असेल तरच करा.

मध्येच तडजोड होऊन संमतीने घटस्फोट ठरला तर कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींमध्ये, खर्चाची ओळ हवीच. आधी मंजूर झालेला आणि थकलेला कलम २४ चा खर्च कोण देणार, कधी, कुठल्या तारखेच्या आत, हे लिहा. "सर्व दावे सोडून दिले" असं एक वाक्य असतं तिथे, त्यात थकबाकी पण जाते. सही करायच्या आधी रक्कम डीडीने हातात घ्या.

आणि आदेश झाला तरी पैसे येत नाहीत तेव्हा. केस चालू असेल तर कलम २४ चे पैसे थकवणाऱ्याचा बचाव काढून टाका असा अर्ज देता येतो, रजनेश निकालात म्हटलंय की हा शेवटचा उपाय आहे आणि मुद्दाम थकवत असेल तरच, त्यामुळे आधी दोन-तीन तारखांना थकबाकीचा हिशेब लेखी द्या म्हणजे "मुद्दाम" हे दिसतं. निकालानंतर दरखास्त, म्हणजे आदेशाची वसुली करण्याचा अर्ज. आदेशाची नक्कल, बाकी रकमेचा हिशेब, त्याच्या ऑफिसचा पत्ता आणि बँक खात्याचा नंबर, जो त्याने स्वतःच्याच शपथपत्रात लिहिलेला असतो. साध्या खर्चाच्या वसुलीत पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीची जप्ती होते, पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र एक तृतीयांश सोडून बाकी सगळा पगार जप्त होऊ शकतो, म्हणून दोन्ही थकले असतील तर हिशेबात दोन रकाने वेगळे दाखवा. दरखास्तीला मुदत १२ वर्षं आहे. बहिणीची दरखास्त मार्चमध्ये टाकली, एप्रिलमध्ये त्याच्या कंपनीला पगार जप्तीची नोटीस गेली, आणि पुढच्या तारखेला तो स्वतः पैसे घेऊन आला.